एएफआयची नोकरी: मीटर फिरेल तेवढाच पगार

सीपीएल (व्यावसायिक पायलटचं लायसन्स) हातात आहे, एअरलाइनचं बोलावणं येत नाही, आणि ज्या फ्लाइंग स्कूलमध्ये शिकलात तेच म्हणतंय, "एएफआय करून टाक, इथेच लागशील." गोंदिया, बारामती, शिरपूर, धुळे, जळगाव, नागपूर, आणि आता अमरावतीची बेलोरा धावपट्टी. महाराष्ट्रातल्या दोनशे तासवाल्या बऱ्याच मुलामुलींसमोर आज हा प्रश्न आहे. म्हणून इथे परीक्षण आहे ते असिस्टंट फ्लाइट इन्स्ट्रक्टरच्या (एएफआय) नोकरीचं, म्हणजे तिचा पगार, तिचे तास आणि तिचा करार यांचं. कुठल्या एका शाळेचं नाव घेण्यात अर्थ नाही. करारांचे साचे तीनच आहेत आणि तेच सगळीकडे थोड्याफार फरकाने फिरतात. मुलाच्या कोर्ससाठी लाखांनी पैसे भरणाऱ्या पालकांनीही हे वाचावं, कारण इन्स्ट्रक्टरला पैसे कशाचे मिळतात यावर तुमच्या मुलाला काय शिकायला मिळणार हे बरंचसं ठरतं.

पहिला साचा निव्वळ तासावरचा: उडाल तर पैसे. दुसरा ठरावीक पगार अधिक ताशी भत्ता, आणि हाच सर्वांत जास्त दिसतो. तिसरा पूर्ण मासिक पगार, तास कितीही होवोत.

दुसऱ्या साच्याचा हिशेब मांडू. आकडे उदाहरणापुरते आहेत, तुमच्या ऑफर लेटरमधले घालून पुन्हा करा. समजा ठरावीक ४०,००० आणि ताशी १,२००. महिन्याला ६० तास उडालात तर भत्ता ७२,०००, एकूण १,१२,०००. कागदावर चांगलं दिसतं. आता एका तासाच्या डुअल सॉर्टीला (इन्स्ट्रक्टर आणि विद्यार्थी दोघं असलेल्या उड्डाणाला) खरा वेळ किती लागतो ते बघा. ब्रीफिंग २५ मिनिटं. विमानाभोवती फेरी, इंधनाचा नमुना काढून पाणी आहे का बघणं, तेल मोजणं, मिळून १५ मिनिटं. उतरल्यावर डीब्रीफिंग २० मिनिटं. मग ऑथरायझेशन बुक, टेक्निकल लॉग, विद्यार्थ्याचा प्रोग्रेस रिपोर्ट आणि ई-जीसीए या डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक नियामकाच्या) पोर्टलवरच्या नोंदी यांना आणखी १५. म्हणजे हवेतल्या तासामागे जमिनीवरचा सव्वा तास. ६० तासांमागे ७५ तास जमिनीवर, एकूण १३५. भत्त्याचे ७२,००० या १३५ तासांत वाटले तर ताशी ५३३ रुपये उरतात. हवामान उघडायची वाट बघत हँगरात बसलेले तास यात धरलेलेच नाहीत.

आता "तास" म्हणजे नेमकं काय, हे विचारा. हा प्रश्न मुलाखतीत जवळपास कुणी विचारत नाही आणि पैसा इथेच गळतो. विमानात आणि कागदावर मिळून तीन घड्याळं असतात. लॉगबुकात जातो तो चॉक्स (चाकाखालचे ठोकळे) काढल्यापासून चॉक्स लावेपर्यंतचा वेळ. हॉब्स मीटर बहुतेक सेसनांमध्ये ऑइल प्रेशर आलं की चालू होतं आणि इंजिन बंद झालं की थांबतं, म्हणजे पहिल्याच्या जवळपास. तिसरं टॅकोमीटरवरचं, म्हणजे इंजिनच्या फेऱ्यांवर चालणारं. ते क्रूझच्या फेऱ्यांना घड्याळाबरोबर चालतं, पण टॅक्सी करताना, फायनलवर थ्रॉटल मागे घेतल्यावर, रांगेत उभं असताना हळू चालतं. सर्किटच्या (धावपट्टीभोवती फेऱ्या मारत उतरण्याच्या) सॉर्टीत हॉब्स १.२ दाखवत असेल तर टॅको १.० च्या आसपास असतं. काही करारांत चौथं माप येतं, ते टेक-ऑफ ते टचडाऊन, मेंटेनन्ससाठी वापरतात ते.

विद्यार्थ्याला बिल चॉक्स-टू-चॉक्स आणि इन्स्ट्रक्टरला पैसे टॅकोवर, अशी रचना असेल तर मधला फरक शाळेच्या खिशात जातो. १५ टक्के फरक धरला तरी ६० तासांवर ९ तास, वरच्या दराने १०,८०० रुपये महिना. त्यामुळे करारात "फ्लाइंग अवर" या शब्दाची व्याख्या लिहिलेली हवी. तोंडी सांगितलेली चालणार नाही.

याहून मोठी मेख सोलोची, म्हणजे विद्यार्थ्याच्या एकट्याच्या उड्डाणाची आहे. सीपीएलला किमान २०० तास लागतात, त्यातले १०० पायलट-इन-कमांड, म्हणजे विमानाची सूत्रं स्वतःकडे असताना. म्हणजे कोर्सच्या निम्म्या तासांत इन्स्ट्रक्टर विमानात बसलेलाच नसतो. पण काम त्याचंच असतं. हवामान बघायचं, रूट तपासायचा, वजन आणि इंधनाचा हिशेब पडताळायचा, विद्यार्थी काल रात्री झोपलाय का हे त्याच्या चेहऱ्यावर वाचायचं, हातात रेडिओ घेऊन बाहेर उभं राहायचं. क्रॉस-कंट्रीला गेलेला विद्यार्थी दुसऱ्या विमानतळावर उतरल्याचा फोन येईपर्यंत मान मोकळी होत नाही. निव्वळ तासाच्या करारात या सगळ्याचे पैसे शून्य. दुसऱ्या साच्यातही बहुधा शून्यच, कारण भत्ता डुअलवर असतो. फ्लाइंग ऑथराइज करण्याचा अधिकार पूर्वी फक्त सीएफआय (चीफ फ्लाइट इन्स्ट्रक्टर) आणि डेप्युटी सीएफआयकडे असे. नियम बदलले आणि तो फ्लाइट इन्स्ट्रक्टरलाही मिळाला. शाळांची सोय झाली, पण सहीची जबाबदारी खाली आली तसे पैसे आले का, हे करारात शोधून बघा. एएफआय तुलनेने सुटतो. तो फ्लाइट इन्स्ट्रक्टरच्या देखरेखीखाली शिकवतो आणि पहिल्या सोलोला सोडण्याचा निर्णय वरच्याचा असतो. पुढे एफआयआर (फ्लाइट इन्स्ट्रक्टर रेटिंग) झालं की ही सही तुमच्या गळ्यात येणार, तेव्हा वाढीव पगाराचं कलम आजच लिहून घेतलेलं बरं.

पैशाची ही रचना शिकवण्यात कशी उतरते ते सांगतो. डुअललाच भत्ता असेल तर सोलोसाठी तयार झालेल्या मुलालाही "अजून चार सर्किट बघू" म्हणण्याचा मोह होतो. सगळे जण करत नाहीत, पण करार त्याच दिशेला ढकलतो. डीब्रीफिंग दहा मिनिटांवर येतं, ते टॅक्सी करत परत येतानाच उरकलं जातं. विद्यार्थ्याला वाटतं सर घाईत आहेत. सर खरोखरच घाईत असतात, कारण पुढची सॉर्टी चुकली तर पैसे चुकले. सर्वांत वाईट परिणाम रन-अपच्या (उड्डाणाआधीच्या इंजिन तपासणीच्या) वेळी दिसतो. जुन्या सेसना १७२ वर १७०० आरपीएमला मॅग्नेटो (प्लगला ठिणगी देणारी यंत्रणा) तपासताना एका बाजूचा ड्रॉप, म्हणजे फेऱ्यांतली घट, १२५ च्या आत आणि दोन बाजूंतला फरक ५० च्या आत हवा. तो १४० आला, इंजिन थोडं खडखडलं, की नियमाने विमान परत न्यायचं आणि स्नॅग (बिघाडाची नोंद) लिहायचा. बऱ्याचदा प्लगवर शिसं साचलेलं असतं, मिश्रण लीन करून काही सेकंद फेऱ्या वाढवल्या की साफ होतं. तेवढा प्रयत्न रीतसर आहे. पण साफ झालं नाही आणि स्नॅग लिहिला तर विमान दिवसभर जमिनीवर आणि तुमच्या तीन सॉर्ट्या गेल्या. पेन उचलणाऱ्याचाच पगार कापला जातो अशी व्यवस्था असलेल्या शाळेत टेक्निकल लॉग संशयास्पद कोरा असतो. मुलाखतीला गेलात तर दाखवतात का बघा. लॉगमध्ये स्नॅग दिसणं चांगलं लक्षण आहे.

पूर्ण मासिक पगाराच्या साच्यात हे दडपण नसतं आणि सुरक्षेच्या दृष्टीने तो सर्वांत चांगला. त्याचा दोष वेगळा आहे: दुपारी चारनंतरच्या सॉर्टीसाठी कुणाला उत्साह नसतो, आणि विद्यार्थी महिनोन्‌महिने पंचवीस-तीस तासांवर अडकून पडतात. मग तास पूर्ण दाखवण्याची घाई होते. या धंद्यात पेनाने भरलेल्या तासांना "पार्कर अवर्स" म्हणतात. हा शब्द इतका रुळलाय यातच काय ते आलं. २०११ मध्ये बनावट कागदपत्रांवर लायसन्स घेतल्याची प्रकरणं उघडकीला आली तेव्हा फ्लाइंग स्कूलच्या तासांचीही तपासणी झाली. खोट्या नोंदीवर सही असते इन्स्ट्रक्टरची, मालकाची नव्हे. कुणी "एवढं सही कर" म्हणालं तर त्या नोकरीचं परीक्षण तिथेच संपलं, पगार कितीही असो.

आमच्या मते घेण्याजोगा करार असा: ठरावीक पगार घर चालेल एवढा, महिन्याला किमान तासांची हमी (५० म्हणा), तास उडाले नाहीत तरी त्यांचे पैसे. ब्रीफिंग आणि ग्राउंड क्लासला निम्मा दर. सोलोच्या देखरेखीलाही निम्मा. रिपोर्ट केल्यानंतर हवामान किंवा स्नॅगमुळे सॉर्टी रद्द झाली तर त्या दिवसाला एका सॉर्टीचा भत्ता. हे सगळं कुणी देत नाही, पण चारांतली दोन कलमं मागून मिळतात. देशात शाळा वाढल्या आहेत. विमानतळ प्राधिकरणाने २०२१ मध्ये जळगाव आणि बेळगावसह पाच विमानतळांवर नऊ शाळांना जागा दिल्या, पुढे आणखी दिल्या. अमरावतीला एअर इंडियाची ३४ विमानांची शाळा येते आहे. शिकवणारे तेवढ्या वेगाने वाढलेले नाहीत. एफआयआरवाल्याला आज घासाघीस करता येते, एएफआयला थोडी कमी.

हमीच्या तासांवर एवढा जोर का, हे जुलैत कळतं. व्हीएफआरला (नजरेच्या भरवशावरच्या उड्डाणाला) १०,००० फुटांखाली ५ किलोमीटर दृश्यमानता आणि ढगापासून आडवं १,५०० मीटर, उभं १,००० फूट अंतर लागतं. बारामतीला किंवा धुळ्याला पावसाळ्यात ढग आठशे-हजार फुटांवर बसले की सर्किटसुद्धा बंद. महिन्याला ६० तास उडणारा इन्स्ट्रक्टर जुलैत १८ वर येऊ शकतो, म्हणजे वरच्या उदाहरणात भत्ता ७२,००० वरून २१,६००. निव्वळ तासाच्या करारात एवढंच हातात. विदर्भात डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी धुकं आणखी काही दिवस खातं. वर्षाचा अंदाज बांधताना महिन्याचा आकडा बाराने गुणू नका, नऊने गुणा.

उन्हाळ्याचं दुखणं वेगळं. नागपूरची उंची सुमारे १,००० फूट. तिथे मानक तापमान १३ अंश, मे महिन्यात दुपारी ४४. फरक ३१ अंश, प्रत्येक अंशाला १२० फूट धरले तर डेन्सिटी अल्टिट्यूड (हवा विरळ झाल्याने विमानाला जाणवणारी उंची) ४,७०० फुटांच्या आसपास जाते. एसी नसलेली दोन सीटची सेसना १५२, आत दोन माणसं, वर काचेतून ऊन, आणि चढाई बरीच मंदावलेली. त्यामुळे शाळा शहाणपणाने दुपार टाळतात: सकाळी ६ ते १० आणि संध्याकाळी ४ ते सूर्यास्त. विमानासाठी हे ठीक आहे, माणसाचा दिवस मात्र साडेपाचला सुरू होऊन सातला संपतो. दिवसाची पहिली ब्रेथ अॅनालायझर चाचणी, मग दोन-तीन सॉर्ट्या, मधले सहा तास "विश्रांती" आणि पुन्हा दोन. ही विश्रांती कुठे, हे बघून घ्या. कूलर असलेली खोली आणि खाट असेल तर ती विश्रांती. हँगरच्या पत्र्याखालची प्लास्टिकची खुर्ची असेल तर ती ड्यूटीच. शिवाय मधल्या वेळेत ग्राउंड क्लास घ्यायला लावतात का तेही विचारा, कारण बहुतेक लावतात.

अमेरिकेत इन्स्ट्रक्टरने सलग २४ तासांत ८ तासांपेक्षा जास्त उड्डाण प्रशिक्षण देऊ नये असा स्पष्ट नियम आहे. आपल्याकडे एअरलाइनच्या पायलटांची साप्ताहिक विश्रांती जुलै २०२५ पासून ३६ ची ४८ तास झाली आणि त्यावर केवढी चर्चा झाली. फ्लाइंग स्कूलच्या उजव्या, म्हणजे इन्स्ट्रक्टरच्या सीटबद्दल तेवढा आवाज ऐकू येत नाही. तुमच्या शाळेत काय चालतं ते तिच्या ट्रेनिंग अँड प्रोसीजर्स मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं. फ्लाइट आणि ड्यूटी टाइमचं पान मागा. मॅन्युअल डीजीसीएने मंजूर केलेलं असतं, ते गुपित नाही. व्यवहारात चार डुअल सॉर्ट्या हा दिवसाचा समंजस आकडा आहे. पाचव्या सॉर्टीत, तीही लँडिंगची असेल तर, विद्यार्थी फ्लेअर (टेकण्याआधी नाक वर घेणं) उशिरा करतोय हे लक्षात यायला अर्धा सेकंद जास्त लागतो, आणि सर्किटमध्ये तो अर्धा सेकंदच महत्त्वाचा असतो. हॉस्टेलची खोली आणि मेस बहुतेक ठिकाणी मिळते. पैसे कापतात की फुकट, एवढं बघून पुढे चला.

विमा मात्र नीट बघा. बाजारातली साधी पर्सनल अॅक्सिडेंट पॉलिसी विमानात तिकीट काढून बसलेल्या प्रवाशाला धरते, विमान चालवणाऱ्याला बहुतेक वगळते. शाळेने काढलेला हल इन्शुरन्स विमानाचा असतो, तुमचा नाही. क्रूचा अपघात विमा वेगळा लागतो. त्याची रक्कम किती, नॉमिनी कोण आणि प्रमाणपत्राची प्रत तुमच्या हातात आहे का, हे रुजू होण्याआधी. मार्च २०२३ मध्ये गोंदियाच्या बिरसीहून उडालेलं प्रशिक्षण विमान बालाघाटच्या डोंगरात कोसळलं, त्यात शिकवणारा आणि शिकणारी दोघंही गेले. मेडिकल गेलं तर पगार थांबतो, त्यासाठी लॉस ऑफ लायसन्स कव्हर असतं. ते लहान शाळा सहसा देत नाहीत, स्वतः घ्यावं लागतं. क्लास वन मेडिकलचा खर्च आणि त्यासाठी जाणारा दिवस कुणाचा, हेही लिहून घ्या.

"कन्सल्टंट" म्हणून घेत असतील तर १० टक्के टीडीएस कापून बाकी हातात देतात. पहिल्या महिन्याला रक्कम मोठी वाटते, पण पीएफ नाही, ग्रॅच्युइटी नाही, पगारी रजा नाही. पगारी नोकरीतही पीएफ पूर्ण बेसिकवर की १५,००० च्या मर्यादेवर हे विचारा. मर्यादेवर असेल तर मालकाचा वाटा १,८०० रुपयांवर थांबतो. मुदतीच्या करारावर असाल तर नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांप्रमाणे ग्रॅच्युइटीला पाच वर्षं थांबावं लागत नाही, एक वर्ष पुरतं. एचआरला हे माहीत नसतं किंवा माहीत नसल्यासारखं दाखवतात.

आता बाँड. एएफआयचं प्रशिक्षण शाळा फुकट किंवा सवलतीत देते आणि दोन-तीन वर्षांचा बाँड लिहून घेते. यात मुळात गैर काही नाही. उजव्या सीटवरून उडवत तोंडाने पॅटर (शिकवण्याचं बोलणं) चालू ठेवायला शिकवणं खर्चाचं आहे. पण बाँडची रक्कम प्रशिक्षणाच्या खर्चाशी जुळते का आणि दर महिन्याला कमी होत जाते का ते बघा. करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे लिहिलेला आकडा ही कमाल मर्यादा असते, भरपाई वाजवी तेवढीच मिळते. तरीही कोर्टात जाण्यापेक्षा आधी आकडा उतरवून घेणं स्वस्त. मूळ लायसन्स, दहावी-बारावीची मूळ प्रमाणपत्रं, कोरे चेक यांपैकी काहीही ठेवून घेऊ देऊ नका.

मग ही नोकरी घ्यावी कशासाठी? तासांसाठी घेत असाल तर गणित असं: वर्षाला ५४० तास धरले तर २०० वरून १,५०० ला पोचायला साधारण अडीच वर्षं. शिकवलेले तास पायलट-इन-कमांड म्हणून लागतात आणि एटीपीएलला (एअरलाइन कॅप्टनला लागणाऱ्या लायसन्सला) ते हवेच असतात. अमेरिकेत एअरलाइनच्या दारातच १,५०० तासांची अट असल्याने तिथल्या तरुण पायलटांची ही ठरलेली पायरी आहे. भारतात २०० तासांवरही फर्स्ट ऑफिसर होता येतं, त्यामुळे इथे ही पायरी सक्तीची नाही आणि सिंगल-इंजिनचे तास भरती करणाऱ्याला जेटच्या तासांइतके गोड लागत नाहीत. शिकवायची आवड असेल तर गोष्ट वेगळी. एफआयआर, मग डेप्युटी सीएफआय, मग सीएफआय या वाटेवर पगार खरोखर चढतो. सुरुवातीची दोन वर्षं कोरडी असतात. निव्वळ तासाच्या कराराला पाचातला दीड तारा, पगार अधिक भत्त्याला तीन, त्यात हमीचे तास असतील तर चार. पूर्ण पगाराला साडेतीन, आळशी शाळेत दोन.

पालकांसाठी एवढंच की, ऑक्टोबर २०२५ मध्ये डीजीसीएने फ्लाइंग स्कूलची पहिली क्रमवारी काढली, त्यात ए++ किंवा ए+ एकाही शाळेला मिळालं नाही. विमानं, विद्यार्थी आणि इन्स्ट्रक्टर यांचं प्रमाण त्यात मोजलं जातं, इन्स्ट्रक्टरला पैसे कसे देतात ते मोजलं जात नाही. ते तुम्ही विचारा. "गेल्या वर्षात किती इन्स्ट्रक्टर सोडून गेले?" हा एक प्रश्न पुरतो. मधेच इन्स्ट्रक्टर बदलला की नवा माणूस आधी दोन-तीन तास चेक घेतो, आणि त्या तासांचं बिल तुम्हाला येतं.

नोकरीच्या मुलाखतीला जाणाऱ्याने सकाळी सहालाच धावपट्टीवर पोचावं, एचआरच्या खोलीत अकराला नको. तिथे हजर असलेल्या एएफआयला चहा पाजा आणि मागच्या जुलैची पगाराची स्लिप दाखवशील का म्हणून विचारा. मार्चची कुणीही दाखवेल.